नव्या शहरात मत कोणाला असते?

अमळनेर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

“माझे वय एकसष्ट असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. यजमानांच्या नावे वडिलोपार्जित साडेचार एकर काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, कापूस आणि मका निघतो. मुलगा पुण्यात नोकरी करतो. पुण्याजवळ एक कंपनी माळरानावर संपूर्ण नवे शहर वसवीत आहे. शेती विकून तेथे दोन सदनिका घ्याव्यात, एकीत आपण सर्वांनी राहावे आणि दुसरीचे भाडे घ्यावे, असा त्याचा आग्रह आहे. त्या शहराची चौसष्ट पानांची नियमपुस्तिका त्याने पाठविली. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, गच्चीवर जायचे नाही, दाराचा रंग बदलायचा नाही, कंपनीच्या संमतीशिवाय भाडेकरू ठेवायचा नाही, असे बरेच काही तीत आहे. मुलाच्या सहकाऱ्याच्या सदनिकेत आम्ही आठ दिवस राहून आलो. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. परतल्यावर त्या ‘माले तठे करमस नही’ एवढेच बोलल्या. मुलगा म्हणतो, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात राहून तुम्हाला शिस्तीची भीती वाटते. आम्ही काय करावे?”

ताई,

तुम्ही पत्रासोबत पाठविलेली चौसष्ट पाने मी दोनदा वाचली. सल्ला आधी सांगतो आणि कारणे मागाहून. या वर्षी शेती विकू नका आणि सदनिकाही विकत घेऊ नका. त्याच वसाहतीत अकरा महिन्यांच्या करारावर एक घर भाड्याने घ्या आणि सर्वांनी राहून पाहा.

मुलगा चुकतो आहे म्हणून मी हे सांगत नाही. रुंद रस्ते, जमिनीखालून नेलेल्या विजेच्या तारा, सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आणि रोजचे पाणी या गोष्टी जुन्या गावात नंतर बसविणे किती अवघड असते, हे मी नगररचना खात्याच्या नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. एक गटार रुंद करायची तर दहा ओटे आणि दहा पायऱ्या काढाव्या लागतात, आणि प्रत्येक ओट्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सांगणारे कोणीतरी उभे असते. कोऱ्या जमिनीवर शहर आखणाऱ्याला ही अडचण नसते. पाण्यासाठी रात्री मोटर लावून जागणाऱ्या घरातील मुलाला अशा शहराची ओढ वाटली तर त्यात नवल नाही, आणि ती ओढ हसण्यावारी नेऊ नये.

शिवाय आखून वसविलेले गाव ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. मी स्वतः धुळ्याच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत वाढलो. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी पांझरेकाठचे हे गाव जिल्ह्याचे ठाणे म्हणून निवडले, कारण ते जिल्ह्याच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर होते. १८१९ साली त्यांना कचेऱ्या बांधण्याची परवानगी मिळाली, तेव्हा गावात ४०१ घरे आणि अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. लांबून कारागीर आणले गेले, आणि व्यापाऱ्यांनी येथे येऊन राहावे म्हणून त्यांना घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या. पक्के घर बांधण्यासाठी उचलसुद्धा मिळे, तीही जुन्या रहिवाशांना आणि नव्याने आलेल्यांना सारखीच. नवे गाव वसविणाऱ्याला माणसांची गरज होती आणि त्याने ती अटींमधून दाखवून दिली. भुसावळची रेल्वे वसाहत याच्या उलट टोकाची. तेथे कोणाला किती खोल्यांचे क्वार्टर मिळणार हे हुद्द्यावरून ठरे आणि नोकरी संपली की घर सोडावे लागे, परंतु ते सर्व पहिल्या दिवशीच माहीत असे आणि क्वार्टरसाठी कोणी आपली शेती विकत नसे.

म्हणून नियम आहेत याची भीती धरू नका. कपडे आतल्या बाजूच्या जाळीत वाळतील. दाराच्या रंगावाचून कोणाचे अडत नाही. रात्री दहानंतर मोठ्याने वाद्य वाजवू नये, ओला आणि सुका कचरा वेगळा करावा, हे नियम तर अमळनेरलाही हवेत. तुम्ही मला ज्या नियमांखाली रेघा मारून पाठविल्या, ते जवळजवळ सगळे असे आहेत. मला थांबविणारा नियम सत्तेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात आहे आणि त्याखाली तुमची रेघ नाही: “या पुस्तिकेतील नियमांत वेळोवेळी बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील व असे बदल सर्व रहिवाशांवर बंधनकारक असतील.” या एका वाक्यामुळे उरलेल्या त्रेसष्ट पानांना आज काही अर्थ उरत नाही. आज गॅलरीत तुळस चालते, उद्या चालणार नाही. आज देखभाल खर्च एका दराने आहे, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या दराने येईल. तुम्हाला न विचारता हे होऊ शकेल, आणि तरीही ते नियमाला धरूनच असेल.

नव्या शहरांच्या बाबतीत हा अनुभव जगभर पुन्हा पुन्हा आला आहे. शहर आखणारे लोक बहुधा हुशार आणि प्रामाणिक असतात. रस्ते, झाडे, शाळा यांचा ते खोलवर विचार करतात. पण तेथे राहायला येणाऱ्याने आपले म्हणणे कोणासमोर आणि कोणत्या अधिकाराने मांडायचे, ही गोष्ट नकाशात सर्वांत शेवटी येते. चंडीगडचे उद्घाटन १९५३ साली झाले. ल कॉर्बुझिए यांच्यासारख्या वास्तुरचनाकाराने त्याची आखणी केली, आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशी सेक्टरांची मापे ठरली, इमारतींच्या दर्शनी भागांनासुद्धा नियम लागले. मात्र शहराला महापालिका मिळाली ती १९९४ साली आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९६ साली. ब्राझीलने आपली नवी राजधानी ब्राझिलिया १९६० साली सुरू केली, पण तेथील रहिवाशांना आपला राज्यपाल स्वतः निवडण्याची संधी १९९० पर्यंत मिळाली नाही. जमशेदपूर तर शंभर वर्षांहून जुने शहर. तेथील रस्ते, पाणी आणि दिवे यांची वाखाणणी मी जाणकारांकडून ऐकली आहे, तरीही एवढ्या काळात त्या शहरात निवडून आलेली महापालिका झालेली नाही. एखादा उद्योग स्वतः नागरी सेवा पुरवीत असेल तर त्या भागाला औद्योगिक नगरी ठरवून नगरपालिका न नेमण्याची मुभा आपल्या घटनेच्या २४३ क्यू या अनुच्छेदातच आहे.

आपल्याजवळचे उदाहरण नवी मुंबईचे आहे आणि त्यावर मी थोडा अधिक थांबतो, कारण खानदेशातील कितीतरी कुटुंबांची मुले आज तेथे राहतात. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन प्रकल्पाखाली आली. शहर उत्तम झाले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु तेथे घर घेतलेल्या माणसाला जमीन मालकीने मिळाली नाही. ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली, आणि घर विकायचे झाले तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आले. धुळ्याच्या व्यापाऱ्याला १८१९ मध्ये मिळालेल्या अटी याहून सैल होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांचे हाल त्याहून अधिक झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एखादी सभा, एखादा प्रभाग, एखादा नगरसेवक असता, जिथे हे म्हणणे वेळेवर आणि अधिकाराने मांडता आले असते, तर कदाचित इतके रक्त सांडले नसते, असे मला नेहमी वाटते. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली, म्हणजे सिडकोनंतर जवळजवळ बावीस वर्षांनी. पुढे याच महापालिकेने मोरबे धरण आपल्या मालकीचे केले आणि म्हणून आज तेथील पाण्याची बाजू भक्कम आहे.

ही तर सरकारी महामंडळाची गोष्ट झाली. तुमच्या मुलाने निवडलेले शहर कंपनीचे आहे. मुळशी खोऱ्यातील लवासाच्या बाबतीत शहर उभारणाऱ्या कंपनीलाच २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले होते. म्हणजे बांधणारा आणि बांधकामाला परवानगी देणारा एकच झाला. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. ज्यांनी पैसे भरले होते ते घरमालक होण्याऐवजी बँकांबरोबर येणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. प्रत्येक कंपनीचे असे होते, असे मी म्हणणार नाही. पुण्यातच मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून, ती विकून न टाकता, स्वतःच भागधारक होऊन नगर उभे केले, आणि ते आजही नीट चालले आहे. पण तेथे शेतकरी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेला होता. तुम्ही शेती विकून ग्राहक म्हणून जाणार आहात, आणि ग्राहकाची खुर्ची टेबलाच्या बाहेरच्या बाजूला असते.

तेव्हा मुलाला काही प्रश्न विचारायला सांगा, आणि उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. ही वसाहत कोणत्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, घरपट्टी कोणाला भरायची, आणि आतले रस्ते, पाणी व दिवे ग्रामपंचायतीकडे आहेत की कंपनीकडे? ग्रामपंचायतीत तुमचे मत असेल, पण पाण्याची टाकी कंपनीची असेल, तर त्या मताने नळाला पाणी येणार नाही. इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली आहे का, हेही विचारा. सहकारी संस्थेत उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, बदलायचे तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, दोन तृतीयांश बहुमत लागते आणि निबंधकांची मंजुरी लागते. तेथे एका सभासदाला एकच मत, मग त्याची सदनिका लहान असो वा मोठी. निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापन व्हायला हवी. “सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर संस्था करू” असे उत्तर आले, तर सत्तेचाळिसाव्या पानाची सत्ता तोपर्यंत चालू राहणार, असे समजा. टप्पे दहा-पंधरा वर्षे चालतात.

महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडा. मंजूर नकाशा, कराराचा मसुदा आणि जमिनीवरील बोजा यांची कागदपत्रे तेथे पाहायला मिळतात. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. मंजूर आराखड्यात बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि नेमकी हीच संमती करारातील एखाद्या कलमात आगाऊ, सरसकट लिहून घेतली जाते. ते कलम शोधा आणि काढून टाकण्यास सांगा. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. फार वर्षांपूर्वी, हा रेरा कायदा येण्याआधी, मी एका नव्या वसाहतीत भूखंड घेतला होता. नकाशात समोर बगीचा दाखविला होता आणि त्या बगीच्याकडे पाहूनच माझ्या पत्नीने होकार दिला होता. चार वर्षांनी तेथे दुकानांचे गाळे उभे राहिले. मी नगररचना खात्याचा माणूस, पण करारातील कलम वाचले नव्हते. त्या भूखंडावर आम्ही घर बांधले नाही.

मुलांच्या पुढच्या वाटण्यांचाही विचार करा. चंडीगडमध्ये जुन्या, पहिल्या तीस सेक्टरांतील घरांचे मजल्यांप्रमाणे वेगवेगळ्या सदनिकांत तुकडे पाडण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मज्जाव केला. शहराचे मूळ रूप जपायचे तर तो निर्णय मला योग्य वाटतो. तरीही आजोबांनी सत्तर वर्षांपूर्वी स्वीकारलेली अट नातवंडांना बांधून ठेवते, ही गोष्ट वारसांनी आधीच जाणून घ्यायला हवी. तुमच्या दुसऱ्या सदनिकेचे भाडे हा मुलाच्या हिशेबाचा मुख्य आधार आहे, आणि भाडेकरू ठेवायला संमती देणे न देणे पुस्तिकेप्रमाणे कंपनीच्या हातात आहे. तो हिशेब मुलाने भाड्याशिवाय एकदा मांडून पाहावा. तुम्ही कळविलेला देखभालीचा दर महिना चौरस फुटाला पाच रुपये आहे. साडेसातशे फुटांच्या एका सदनिकेचे वर्षाला पंचेचाळीस हजार, दोन सदनिकांचे नव्वद हजार, आणि हे आजच्या दराने.

शेतीविषयी एकच गोष्ट ठामपणे सांगतो. सातबारावरचे नाव सगळेच्या सगळे जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सगळी जमीन विकून टाकली आणि उद्या परतावेसे वाटले, तर परतीची वाट याच अटीपाशी अडेल. पुढे खरोखर विकायचे ठरलेच, तर एखादा एकर विहिरीसह राखा. जमीन वडिलोपार्जित असल्यामुळे तुमच्या नणंदांचा हिस्सा त्यात आहे, आणि त्यांना विचारल्यावाचून व्यवहाराला हात घालू नये, हे तुम्ही जाणताच.

आता सासूबाई. त्यांच्या चार शब्दांना मुलाने म्हातारपणाचा हट्ट समजू नये. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवरामुळे महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली. सातपुड्यात एकेक घर आपापल्या शेताजवळ, टेकडीच्या आडोशाला असे. त्या माणसांना तळोद्याकडच्या वसाहतींत सरळ रेषेत आखलेल्या भूखंडांवर आणून बसविले गेले. तेथे गेलो असताना एका वृद्ध गृहस्थांनी मला घर दाखविले, शाळा दाखविली, हातपंप दाखविला, आणि मग म्हणाले की येथे शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो. आराखड्यात काही चूक नव्हती. त्यांना कसे राहायची सवय आहे, हे कोणी विचारले नव्हते. तुमच्या सासूबाईंना उन्हाळ्यात गच्चीवर खाट टाकून झोपायची सवय असेल, चैत्रात बिबडे आणि कुरडया वाळत घालायची असेल, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी कडुनिंबाला झोका बांधलेला पाहायचा असेल. बंद गच्ची म्हणजे त्यांच्यासाठी यातले बरेच काही बंद.

म्हणूनच मी अकरा महिने म्हणालो. दिवाळीनंतर करार केला तर त्या मुदतीत उन्हाळा येईल, आखाजी येईल, पाऊस येईल आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या कानबाई देवीचा सणसुद्धा येईल. शेती एका हंगामासाठी निमबटाईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, कसायला द्या. वसाहतीत राहताना रहिवाशांच्या बैठकांना जाऊन बसा. भाडेकरूला मत नसते, पण ऐकू येते. कोण बोलतो, कोणाचे ऐकले जाते, आणि कंपनीचा माणूस उत्तर देतो की “कळवितो” म्हणतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजेल. सासूबाईंना पहिल्या महिन्यात नेऊ नका. तुमचे बस्तान बसल्यावर न्या, आणि त्यांच्या वयाची एखादी खानदेशी बाई त्या इमारतींत आहे का, ते आधी शोधा.

आणि जाण्यापूर्वी कंपनीला तुमच्या सहीने एक अर्ज पाठवा: कानबाई बसविल्यावर भाऊबंदांसह चाळीस माणसे रोटाच्या जेवणाला आली तर ती कोठे बसतील, दुसऱ्या दिवशी कानबाईला वाजतगाजत पाण्यापर्यंत नेण्यासाठी कोणता रस्ता मिळेल, आणि बागेतील कडुनिंबाला आखाजीचा झोका बांधता येईल का. त्याच अर्जात सत्तेचाळिसाव्या पानावरील अधिकार रहिवाशांच्या संस्थेकडे कोणत्या तारखेला जाणार, हेही विचारा. उत्तर आले की त्याची प्रत मला पाठवा; कराराचा मसुदा आपण त्यानंतर एकत्र वाचू.